ज्ञानपीठ पुरस्कार : वाचनालयाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या वाचनालयात काउंटरवर बसते, बरीच वर्षं झाली. संध्याकाळी अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं-पोरी खाली येतात, कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, रिटायर्ड मंडळी तर सकाळी पेपर वाचायला येतात तेव्हापासूनच गप्पांना सुरुवात, आणि या सगळ्यांकडून ज्ञानपीठबद्दल, म्हणजे भारतीय भाषांतल्या लेखकांना मिळणाऱ्या त्या मोठ्या साहित्य पुरस्काराबद्दल, तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. गाइडमधली यादी पाठ करून ज्ञानपीठ कळत नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत, थोडं सांभाळून घ्या.

ज्ञानपीठ हा सरकारी पुरस्कार आहे ना?

नाही. दहातले नऊ जण इथेच चुकतात, आणि चुकणं साहजिकही आहे कारण फोटोत कायम राष्ट्रपती नाहीतर पंतप्रधान दिसतात. पण पुरस्कार देते ती भारतीय ज्ञानपीठ नावाची खाजगी संस्था. साहू शांतिप्रसाद जैन आणि त्यांच्या पत्नी रमा जैन यांनी १९४४ मध्ये ती काढली. आधी काम होतं संस्कृत, प्राकृत, पाली, अपभ्रंश असे जुने ग्रंथ शोधून, संपादित करून छापायचं. पुरस्कार खूप नंतर आला.

सरकारी तो साहित्य अकादमीचा. म्हणजे अकादमी स्वायत्त आहे पण पैसा सरकारचा. १९५४ ला स्थापना, १९५५ पासून पुरस्कार. तिथे दरवर्षी प्रत्येक भाषेतल्या एकेका पुस्तकाला मिळतो, आता २४ भाषा आहेत, म्हणजे वर्षाला साधारण दोन डझन लेखक. ज्ञानपीठ मात्र सगळ्या देशात मिळून एकाला, कधीतरी दोघांना. त्यामुळे त्याचा एवढा गाजावाजा होतो.

मग सुरुवात नेमकी कशी झाली?

ही गोष्ट मला फार आवडते. २२ मे १९६१, शांतिप्रसादांचा पन्नासावा वाढदिवस. घरच्यांच्या मनात आलं की देशपातळीवरचं काहीतरी मोठं काम हातात घ्यावं. पुढे सप्टेंबरात रमा जैन यांनी सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून एकच पुरस्कार ही कल्पना मांडली. नोव्हेंबरात काही लेखक-जाणकार त्यांच्या घरी जमले, बोलणी झाली, कच्चा आराखडा झाला. तो घेऊन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांकडे जी मंडळी गेली त्यात काका कालेलकर होते, हिंदी कवी रामधारीसिंह दिनकर होते, हरिवंशराय बच्चन, जैनेंद्र कुमार आणि आपले प्रभाकर माचवेही होते.

आता ते दिवस आठवा. भाषावार प्रांतरचना नुकती झालेली, आपलं राज्य होऊन वर्षच झालेलं, हिंदी लादण्यावरून दक्षिणेत वातावरण तापलेलं. अशा वेळी कन्नड कवी आणि बंगाली कादंबरीकार एकाच मांडवात बसवून तोलायचे हे म्हणणंच धाडसाचं होतं. म्हणून मग २ एप्रिल १९६२ ला दिल्लीत निरनिराळ्या भाषांतले तीनेकशे लेखक बोलावले आणि हिंदी लेखक धर्मवीर भारतींनी चालवलेल्या दोन सत्रांत आराखडा पक्का केला. एका कुटुंबाने पैसे द्यायचे ठरवले होते, ते परस्पर समिती नेमून मोकळे होऊ शकले असते, पण आधी तीनशे लेखकांना विचारलं. मला हा भाग पुरस्काराच्या रकमेपेक्षा मोठा वाटतो.

निवड समितीला प्रवर परिषद म्हणतात. पहिली बैठक १६ मार्च १९६३ ला ठरली, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. पण २८ फेब्रुवारीला ते गेले. बैठक रद्द नाही केली, कालेलकरांनी ती चालवली आणि पुढे अध्यक्षपद संपूर्णानंदांकडे आलं. कालेलकर म्हणजे साताऱ्यात जन्मलेला मराठी माणूस जो गुजरातीत लिहून गुजरातीचा मोठा लेखक झाला. दोन भाषांत राहिलेल्या माणसाच्या हातून या कामाची सुरुवात व्हावी हे फार योग्य झालं.

पहिला ज्ञानपीठ कोणाला आणि कोणत्या पुस्तकाला?

जी. शंकर कुरुप, मल्याळम कवी, कवितासंग्रह ‘ओटक्कुळल’ म्हणजे बासरी. पुरस्कार १९६५ चा, पण प्रत्यक्ष दिला १९ नोव्हेंबर १९६६ ला, दिल्लीत विज्ञान भवनात.

पहिल्या वेळी १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत छापलेली पुस्तकं विचारात घेतली होती. शेवटच्या फेरीत चार नावं उरली, कुरुप, तेलुगूचे विश्वनाथ सत्यनारायण, कन्नडचे डी. व्ही. गुंडप्पा आणि बंगालीचे काझी नझरूल इस्लाम. नझरूल तेव्हा वीसेक वर्षं आजाराने मुके झालेले होते, १९४२ पासून त्यांचं बोलणं-लिहिणं थांबलं होतं. त्यांना मिळाला असता तर त्यांना स्वतःला कळलं तरी असतं का कोण जाणे. सत्यनारायणांना पुढे १९७० चा मिळाला. गुंडप्पा आणि नझरूल राहिले ते राहिलेच.

कुरुपांनी पुरस्काराच्या पैशातून ‘ओटक्कुळल’ याच नावाने मल्याळम लेखकांसाठी एक पुरस्कार सुरू केला, तो १९६८ पासून दिला जातोय.

मराठीला किती वेळा मिळाला? कोणाकोणाला?

चार वेळा. वि. स. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३, भालचंद्र नेमाडे २०१४. ही वर्षं पुरस्काराची आहेत, हातात मिळाल्याची नाहीत, तो गोंधळ खाली वेगळा सोडवला आहे.

कोणत्या पुस्तकासाठी मिळाला ते सांगा, परीक्षेत येतं.

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि याच्यावरच सगळ्यात जास्त चुकीचं छापलं जातं, त्यामुळे जरा थांबून वाचा.

१९८२ पर्यंत ज्ञानपीठ एका पुस्तकाला मिळायचा. त्यानंतर नियम बदलला आणि लेखकाच्या एकूण साहित्यिक कामगिरीसाठी द्यायला लागले. म्हणजे आपल्या चौघांपैकी पुस्तकाचं नाव लावता येतं ते फक्त खांडेकरांना, ‘ययाती’. बाकी तिघांना एकूण लेखनासाठी. पण आमच्याकडे एक गाइड आहे, नाव घेत नाही, त्यात सरळ तक्ता दिलाय कुसुमाग्रज – विशाखा, विंदा – अष्टदर्शने, नेमाडे – हिंदू. मुलं तेच घोकतात. गेल्या वर्षी एका मुलीने सराव पेपरात ‘एकूण साहित्यिक योगदान’ असं बरोबर उत्तर लिहिलं आणि तिचा मार्क गेला, ती रडवेली होऊन काउंटरवर आली होती. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कारण तिने इथेच बसून वाचून ते उत्तर काढलं होतं.

साधा विचार करा ना. ‘विशाखा’ आलं १९४२ ला, पुरस्कार १९८७ चा. मधल्या पंचेचाळीस वर्षांत माणसाने ‘नटसम्राट’ लिहिलं, कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, किती कवितासंग्रह काढले. ते सगळं बाजूला ठेवून एका तरुणपणच्या संग्रहाला कसा देतील? विंदांचंही तसंच. ‘स्वेदगंगा’ १९४९, ‘मृद्‌गंध’ १९५४, ‘ध्रुपद’, ‘जातक’, ‘विरूपिका’, शिवाय लहान मुलांच्या कविता, शिवाय ‘अमृतानुभवा’चं अर्वाचीन मराठीतलं रूप, शिवाय ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ची भाषांतरं. ‘अष्टदर्शने’ त्या सुमाराला नुकतं आलेलं होतं एवढंच.

खांडेकरांना ‘ययाती’साठी एवढ्या उशिरा का?

‘ययाती’ आली १९५९ ला, १९६० चा साहित्य अकादमी मिळाला, ज्ञानपीठ मात्र १९७४ चा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ठराविक काळातल्या पुस्तकांचा विचार व्हायचा, शिवाय सगळ्या भाषांची रांग, त्यामुळे असं व्हायचं. खांडेकरांची दृष्टी तोवर गेलेली होती. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं मास्तरकी केलेला माणूस, मराठीला पहिलं ज्ञानपीठ घेऊन आला आणि १९७६ च्या सप्टेंबरात गेला.

आमच्याकडे ‘ययाती’च्या सहा प्रती आहेत, त्यातली सगळ्यात जुनी मी कधीच रद्दीत जाऊ दिली नाही. पुठ्ठा दोनदा बदललाय, पाठीवर खाकी कागद आणि खळ, आतल्या पानाला तारखांची स्लिप चिकटवलेली. एक स्लिप भरली की तिच्यावर दुसरी, असं करत करत चार स्लिपा एकावर एक बसल्यात, बोट लावलं की जाडी कळते. उलटून बघितलं तर काही महिन्यांत आठ-आठ दिवसांनी शिक्का, म्हणजे पुस्तक कपाटात टेकतच नव्हतं. देवयानीच्या भागात कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात समासात लिहिलंय, शर्मिष्ठेच्या भागात दुसऱ्याच कुणीतरी त्याला उत्तर दिलंय. कोण होते माहीत नाही, एकमेकांना भेटले असतील असंही नाही.

शिवाजी सावंतांना ‘मृत्युंजय’साठी ज्ञानपीठ मिळाला होता ना?

नाही, पण हा गैरसमज का झालाय ते सांगते कारण त्याला एक नाही तीन कारणं आहेत.

एक, १९७९ चा ज्ञानपीठ खरोखरच ‘मृत्युंजय’ नावाच्या कादंबरीला मिळालाय! पण ती असमिया, लेखक बीरेंद्रकुमार भट्टाचार्य, आणि विषय कर्ण नाही तर १९४२ च्या चळवळीतले आसामातले क्रांतिकारक आणि रेल्वे उलथवण्याचा त्यांचा बेत. दोन, सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा हिंदी अनुवाद भारतीय ज्ञानपीठानेच छापला आणि तो हिंदीत तुफान वाचला गेला, त्यामुळे मुखपृष्ठावर ‘भारतीय ज्ञानपीठ’ हे शब्द लोकांनी बघितलेत. तीन, याच संस्थेचा मूर्तिदेवी पुरस्कार म्हणून दुसरा पुरस्कार आहे, तो सावंतांना मिळाला होता. आता एवढं सगळं एकत्र आल्यावर कोणाचाही गोंधळ होणारच.

माझं म्हणणं, या निमित्ताने असमिया ‘मृत्युंजय’ही वाचा, हिंदीत मिळते. अहिंसा मानणाऱ्या माणसाला हत्यार हातात घ्यावं लागलं की त्याच्या आत काय होतं, असा तो विषय आहे.

निवड कशी करतात? परीक्षकांना सगळ्या भाषा कशा येणार?

खरा प्रश्न हाच आहे, आणि मला वाटतं ज्ञानपीठचं खरं काम इथेच आहे.

आधी देशभरातून नावं मागवतात. विद्यापीठं, साहित्य संस्था, समीक्षक, लेखक, वाचक. प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेतल्या तीन जाणकारांची सल्लागार समिती असते, ती आलेली नावं चाळून आपली शिफारस देते. मग वर प्रवर परिषद, सात ते अकरा जण, वेगवेगळ्या भाषांतले. आता तिथे समजा मल्याळम कवी, ओडिया कादंबरीकार आणि मराठी नाटककार समोर आले, तर मल्याळम न येणाऱ्याने काय करायचं? त्यासाठी गरज पडली तर त्या लेखकांच्या लेखनाचे हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद करून घेतात, पूर्ण नाहीतर निवडक.

म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबतं अनुवादावर. ज्याचा अनुवाद चांगला झालाय, आधीपासून झालाय, तो परिषदेसमोर जिवंत उभा राहतो. ज्याचा नाही त्याची नुसती कीर्ती पोचते. मर्ढेकर १९५६ लाच गेले, त्यांचा प्रश्नच नाही, पण नंतरच्या किती मराठी कवींची कविता दुसऱ्या भाषेत जाता जाता निम्मी सांडते ते बघा, आणि मग मराठीला चारच का याचं एक उत्तर मिळतं. एकच उत्तर आहे असं म्हणत नाही, पण मोठं आहे.

एका भाषेला लागोपाठ मिळू शकतो का?

नाही. एकदा मिळाला की पुढची दोन वर्षं त्या भाषेचा विचार होत नाही. आणि एका लेखकाला एकदाच.

कोणत्या भाषेला सगळ्यात जास्त?

२०२४ पर्यंतची यादी धरली तर हिंदीचे बारा लेखक, कन्नडचे आठ, बंगाली आणि मल्याळमचे सहा-सहा, उर्दूचे पाच. मराठी, गुजराती, ओडिया चार-चार. तेलुगू आणि असमिया तीन-तीन.

कन्नडचं आठ हे खरंच अभिमानाने बघण्यासारखं आहे. कुवेंपु, बेंद्रे, कारंत, मास्ती, गोकाक, अनंतमूर्ती, कार्नाड, कंबार. आणि यातल्या काहींचं आपल्याशी घरचं नातं आहे. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, सोलापूरच्या डीएव्ही कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं, मराठीतही लिहिलं, पण कविता फुलली ती कन्नडमध्ये. गोकाक पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य होते. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, घरात कोंकणी. सीमाप्रश्न आपल्या जागी असू दे, पण या लोकांना आपण परके मानायचं म्हणजे स्वतःचंच नुकसान करून घेणं आहे.

कोंकणीला मिळालाय का?

दोनदा. रवींद्र केळेकर २००६ आणि दामोदर मावजो २०२२. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही पण आपल्याकडे कित्येकांना माहीत नसतं.

केळेकरांबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते. गोवा मुक्तीच्या चळवळीतला माणूस, गांधीविचारांचा, काका कालेलकरांच्या तालमीत तयार झालेला. वर लिहिलं ना की पहिली प्रवर परिषद कालेलकरांनी चालवली, त्यांच्याच शिष्याला चाळीसेक वर्षांनी तोच पुरस्कार. काही काळ केळेकर दिल्लीच्या गांधी स्मारक संग्रहालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे मला ते आपल्यातले वाटतात. कोंकणी, हिंदी, मराठी तिन्हीत लिहायचे. पुरस्कार २००६ चा, सोहळा झाला जुलै २०१० मध्ये गोव्यातच, आणि पुढच्या महिन्यात ते गेले. त्याच २००६ चा पुरस्कार संस्कृतचे सत्यव्रत शास्त्री यांनाही होता, संस्कृतला पहिल्यांदाच.

मावजो गोव्यातल्या माजोर्ड्याचे. गावात घरचं दुकान सांभाळत सांभाळत लिहीत राहिले. त्यांची ‘कार्मेलीन’ आखातात घरकामाला जाणाऱ्या बाईची कादंबरी आहे, तिला १९८३ चा अकादमी पुरस्कार मिळालेला.

वर्षांचा गोंधळ आहे, विंदांना कुठे २००३ लिहितात कुठे २००६, खरं काय?

दोन्ही. विंदांचा पुरस्कार २००३ सालचा, ३९ वा ज्ञानपीठ, पण तो त्यांना मिळाला २००६ मध्ये. त्या काळात जाहीर व्हायलाच दोन-तीन वर्षं मागे पडत होते. काश्मिरीचे रहमान राही, पुरस्कार २००४ चा, दिला २००८ ला. नेमाड्यांचा २०१४ चा, जाहीर झाला ६ फेब्रुवारी २०१५ ला आणि पंतप्रधानांच्या हस्ते दिला २५ एप्रिल २०१५ ला. परीक्षेत प्रश्न नीट वाचा, ‘चा पुरस्कार’ विचारलाय की ‘मध्ये मिळाला’ विचारलंय.

पैसे किती मिळतात? आणि ती मूर्ती कसली?

सुरुवातीला एक लाख. त्याच काळात साहित्य अकादमीची रक्कम पाच हजार होती, यावरून अंदाज घ्या. मग दीड लाख, २००५ ला सात लाख, आता अकरा लाख. लेखकाने त्या पैशाचं काय केलं हे बघण्यासारखं असतं. कुरुपांचं वर लिहिलंच. विंदा तर मिळालेल्या पुरस्कारांचे पैसे सामाजिक कामांना देऊन टाकायचे.

मूर्ती वाग्देवीची, म्हणजे सरस्वतीची, ब्राँझमधली. नीट बघा कधीतरी. हातात कमंडलू, पुस्तक, कमळ, जपमाळ, आणि मागे प्रभावळ, तिच्यात तीन किरणं. ती प्रभावळ मुळात नव्हती, ती ज्ञानपीठाने जोडली, जैन परंपरेतली तीन रत्नं म्हणून. मूळ मूर्ती माळव्यातल्या धारची, राजा भोजाच्या काळातली म्हणून ओळखली जाते आणि सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत अशी की तिच्या खालचा लेख वाचून अभ्यासकांनी सांगितलं की ही मूर्ती सरस्वतीची नसून जैन अंबिकेची आहे. त्या लेखात वाग्देवी घडवल्याचा उल्लेख येतो पण ती वेगळी. म्हणजे जिची प्रतिकृती म्हणून साठ वर्षं लेखकांच्या हातात मूर्ती जातेय ती खरी वाग्देवी कुठे आहे हा प्रश्न उरतोच.

स्त्रियांना किती?

आठ. आशापूर्णादेवी १९७६ ला पहिल्या, ‘प्रथम प्रतिश्रुती’साठी. मग अमृता प्रीतम, महादेवी वर्मा, कुर्रतुलऐन हैदर, महाश्वेतादेवी, इंदिरा गोस्वामी, प्रतिभा राय, कृष्णा सोबती.

यात मराठी एकही नाही आणि हे मला सलतं. दुर्गा भागवतांचं काम काय कमी होतं? लोकसाहित्य, ललित, संशोधन, शिवाय आणीबाणीत साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलायची हिंमत. इंदिरा संतांची कविता कोणत्या भारतीय कवीपुढे फिकी पडेल? दोघी नव्वदीच्या जवळपास जगल्या, म्हणजे वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही. दलित साहित्याचंही तेच. बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ यांनी मराठीच नाही तर इतर भाषांमधलं लेखनही बदलून टाकलं आणि ज्ञानपीठच्या यादीत त्यांचा मागमूस नाही. यादीतल्या चौघांबद्दल मला आदरच आहे, चौघांनाही मिळायलाच हवा होता, पण यादी वाचताना तिच्यात नसलेली नावंही डोळ्यांपुढे ठेवा.

इंग्रजीला मिळतो का?

फार उशिरा इंग्रजीचा विचार सुरू झाला, आधी फक्त राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषा होत्या. पहिले अमिताव घोष, २०१८. त्यानंतर अजून कोणी नाही.

अलीकडचे कोण कोण?

२०१९ अक्कितम, मल्याळम. २०२१ नीलमणी फूकन, असमिया. २०२२ मावजो. हे शेवटचे दोन एकाच दिवशी, डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले. २०२३ गुलजार आणि रामभद्राचार्य, उर्दू आणि संस्कृत. २०२४ विनोदकुमार शुक्ल, हिंदी, छत्तीसगडला पहिल्यांदाच. गुलजारांचं नाव आलं तेव्हा काहींनी ‘सिनेमावाला’ म्हणून नाक मुरडलं, मला ते पटलं नाही. या माणसाने कुसुमाग्रजांच्या कविता हिंदुस्तानीत नेल्यात. एका ज्ञानपीठवाल्या कवीने दुसऱ्या ज्ञानपीठवाल्या कवीचा अनुवाद करावा, तोही मराठी नीट समजून घेऊन, हे किती वेळा घडतं?

यादी पाठ झाली. आता वाचायचं तर कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न कोणी विचारला की मी खुर्चीतून उठते.

माझा सल्ला, दोन ‘ययाती’ शेजारी शेजारी ठेवून वाचा. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची. गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये ‘ययाति’ नाटक लिहिलं ते १९६१ चं, त्यांचं पहिलंच, वय तेविसाच्या आसपास. एकच महाभारतातली गोष्ट, दोघांच्या मध्ये दोन वर्षं, आणि दोघंही पुढे ज्ञानपीठचे मानकरी. खांडेकरांचं सगळं लक्ष भोगाच्या मागे धावणाऱ्या राजावर आणि त्याला सावरू बघणाऱ्या माणसांवर. कार्नाड मात्र विचारतात की बापाचं म्हातारपण घेतलेल्या पोराच्या बायकोचं काय? लग्न होऊन आलेली मुलगी, आणि नवरा एका रात्रीत जख्ख म्हातारा. मूळ गोष्टीत तिला जागाच नाही. खांडेकरांच्या पिढीचा आणि कार्नाडांच्या पिढीचा फरक याहून सोपा करून मला तरी सांगता येणार नाही.

कार्नाड मराठीत भरपूर आहेत. ‘तुघलक’ तेंडुलकरांनी आणलं, ‘हयवदन’ खानोलकरांनी, आणि आत्मचरित्र ‘खेळता खेळता आयुष्य’ उमा कुलकर्णींनी. शिवराम कारंतही उमाताईंनी मराठीत आणले. त्यांच्यासारखी अनुवादक प्रत्येक भाषेसाठी एकेक असती तर आपलं कपाट वेगळं दिसलं असतं.

तुमच्याकडे ज्ञानपीठवाल्यांची पुस्तकं वेगळी ठेवलीत का?

हो, दारातून आत आलं की डाव्या हाताचं दुसरं कपाट. वरचा खण मराठी, तो सतत रिकामा होतो. दुसरा कन्नड आणि बंगालीतून आलेल्यांचा, तो बरा भरलेला आहे. तिसऱ्यात हिंदी, उर्दू, पंजाबी, त्यातली निम्मी हिंदीतच आहेत आणि लोक नेतात. चौथ्यात मल्याळम, तेलुगू, तमिळ, ओडिया, असमिया, काश्मिरी अशा सगळ्या उरलेल्या भाषा एकत्र, तरी खण अर्धा रिकामा. कुरुपांचं मराठीत माझ्याकडे एकही पुस्तक नाही, अक्कितमांचं नाही, राहींचं नाही. तुमच्याकडे यांच्यापैकी कोणाचं मराठी भाषांतर असेल, फाटकं असलं तरी, तर वाचनालयात आणून द्या. शिवून, पुठ्ठा घालून, नवी स्लिप लावून कपाटात ठेवायचं काम माझं.